ऑब्स्ट्रक्ट आणि सायकलीचं कुलूप

धंतोलीत एक बाळंतपणाचा दवाखाना होता. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, एक केरळची सिस्टर होती, एक गयाबाई होती आणि एक मी होते. डॉक्टरीणबाई बाळ जगात आणायच्या, सिस्टर त्याचं वजन करायची आणि गयाबाई अन् मी, आम्ही दोघी आया, उरलेलं सगळं करायचो.

बाळंतपणाच्या दवाखान्यात काम कमी आणि वाट पाहणं फार. पाणी तापेपर्यंत वाट पाहा, कळा वाढेपर्यंत वाट पाहा, बाळाचा बाप पेढे आणायला गेला की तो परत येईपर्यंत वाट पाहा. आणि वाट पाहणारा माणूस बोलतो. म्हणून किस्से तिथं धुतलेल्या दुपट्यांसारखे साठतात. वरचं एक उचलावं तर खाली आणखी चळत असते. साठ-सत्तर सालातली ही चळत आहे. त्यातले एकाच इंग्रजी शब्दाचे किस्से तेवढे काढते.

* * *

तो शब्द आला उमरेडच्या एका बाईबरोबर. सकाळच्या एसटीनं आणली होती तिला. सोबत नवरा, सासू, दोन नणंदा आणि माणसांपेक्षा जास्त गाठोडी. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "ऑब्स्ट्रक्ट झालंय. ऑपरेशनची तयारी करा."

गयाबाईला शब्द अडला की ती पुढं जात नसे. तिनं तिथंच विचारलं, "म्हणजे काय बाई?"

डॉक्टरीणबाई हात धुता धुता म्हणाल्या, "पुढं सरकणारी गोष्ट मधे काहीतरी आल्यामुळे सरकत नाही, त्याला म्हणतात ऑब्स्ट्रक्ट."

"म्हणजे अडली."

"हो, अडली."

"मंग अडली म्हणा ना."

"पेशंट घाबरू नये म्हणून इंग्रजीत बोलतो, गयाबाई."

"पेशंट नाही घाबरली. मी घाबरली."

डॉक्टरीणबाई आत गेल्या. आता आमच्याकडची रीत अशी की, बाई अडली म्हणजे घरातलं बांधलेलं सोडायचं आणि बंद असेल ते उघडायचं. कुलूप, पेटी, डबा, वेणी, जनावराचं दावं, सगळं. बाहेर गाठ सुटली की आत सुटते म्हणतात. गयाबाईनं व्हरांड्यात येऊन सांगितलं, "सोडा जी सारं, सोडा." मग काय, आमचे चारसहा हात कामाला लागले.

ऑपरेशन आटपून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तर व्हरांड्यात गाठोडी सुटलेली, भाकरीचे डबे उघडे, नणंदांच्या वेण्या मोकळ्या, औषधांचं कपाट सताड, आणि बाळाचा बाप दोन्ही हातांनी पायजमा धरून भिंतीला टेकून उभा.

"यांना काय झालं?"

गयाबाई म्हणाली, "काही नाही. तुमी आतून काढून राहिल्या होत्या, आमी बाहेरून."

डॉक्टरीणबाईंनी त्या माणसाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलगा झाला. नाडा बांधा."

* * *

दुपारी जेवताना सिस्टरनं गयाबाईला छेडलं. गयाबाईच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. नवस, उपास, अंगातलं वारं, सगळं त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, आणि गयाबाई त्याबाबतीत पक्की होती. सिस्टरची हिंदी तिच्या गावाहून येतायेताच थकलेली असायची. ती म्हणाली, "गयाबाई, आप तो ये सब छोड़ दिया ना?"

गयाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. "गंडेदोरे बांधणं सोडलं, सिस्टर. हे बांधणं कुठं आहे? हे तं सोडणं आहे."

सिस्टरनं लोणचं मागितलं.

* * *

त्याच दिवसांत माझ्या घरी एक गोष्ट अडली होती आणि तिला ऑपरेशन नव्हतं.

माझी लेक शांता मॅट्रिक झाली होती. डॉक्टरीणबाईंनी खटपट करून तिला नर्सच्या शिक्षणाला जागा मिळवून दिली. खेड्यातल्या पोरींना राहायला खोली होती, शहरातल्यांनी घरून यायचं होतं. आम्ही नंदनवनला राहायचो आणि ते ठिकाण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून मी एक जुनी लेडीज सायकल घेतली. शांता गुडघे फोडून घेत शिकली.

आणि भासऱ्यांनी सायकलीला कुलूप घातलं.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. घरात शब्द त्यांचा. त्यांचं सारं आयुष्य रेल्वेच्या फाटकावर गेलं. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. रिटायर झाले तरी हात तसाच राहिला. पोरगी एकटी एवढ्या लांब जाणार, रस्त्यात ट्रका, टांगे, टवाळ पोरं. त्यांनी साखळी आणली, सायकल ओसरीच्या खांबाला बांधली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या करदोड्यात ओवली.

माझ्या नवऱ्यानं विचारलं, "दादा, किती दिवस?"

भासरे म्हणाले, "गाडी जाईस्तोवर."

कोणती गाडी ते सांगितलं नाही.

वर्ग सुरू होणार होते महिन्याभरानं, एका सोमवारी. त्या दिवशी जी पोरगी हजर नाही, तिची जागा दुसरीला. म्हणजे महिन्याच्या आत ते कुलूप उघडायला पाहिजे होतं.

* * *

दवाखान्यात सांगितलं तर गयाबाई म्हणाली, "ऑब्स्ट्रक्ट." आणि मान हलवली, जशी डॉक्टरीणबाई हलवायच्या.

सिस्टर म्हणाली, "पत्थर से तोड़ दो ना ताला."

दगड तर नंदनवनात पायलीचे पन्नास. पण आमची चूल एक होती. धाकट्याच्या बायकोनं थोरल्याचं कुलूप फोडलं तर संध्याकाळी त्या घरात दोन चुली पेटतात. जाऊबाई आणि मी एका ताटात जेवणाऱ्या. मला ते नको होतं. कुलूप उघडायचं तर त्यांच्याच हातानं.

बरं, समजावून सांगावं तर भासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. मी पदर ओढून भिंतीशी बोलायचे.

"भिंतीबाई, पोरीचं वय निघून चाललं."

भासरे बाजेवरून भिंतीलाच उत्तर द्यायचे. "वय कुठं जाते? घरीच आहे."

मी म्हणायचे, "भिंतीबाई, पोरगी शिकली तं चार माणसांच्या कामी पडन."

"भिंतीले सांगा, घरात चार माणसं आहेतच."

भिंतीनं कधी माझी बाजू घेतली नाही.

* * *

एका सकाळी दवाखान्याच्या गल्लीत म्हैस बसली. डॉक्टरीणबाईंची गाडी तिच्यासमोर. हॉर्न वाजवून झाला, गवळ्याला हाक मारून झाली. म्हैस रवंथ करत डॉक्टरीणबाईंकडं पाहत राहिली. शेवटी बाई गाडी तिथंच सोडून चिखलातून पायी आल्या.

गयाबाईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि आपलं इंग्रजी काढलं. "बाई, म्हैस ऑब्स्ट्रक्ट झाली."

डॉक्टरीणबाईंना कोणी शब्द चुकीचा वापरला की पायाच्या चिखलापेक्षा जास्त त्रास व्हायचा. त्या म्हणाल्या, "म्हैस ऑब्स्ट्रक्ट होत नाही गयाबाई. म्हैस ऑब्स्ट्रक्ट करते. ऑब्स्ट्रक्ट होते ती गाडी."

गयाबाई म्हणाली, "हे तुमच्या बाजूनं झालं. म्हशीले विचारलं काय?"

डॉक्टरीणबाई ओल्या पायांनी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही."

"ते तिथं रोज बसते. आज तुमची गाडी मधात आली."

मला एकदम घर आठवलं. भासरे कुणाला अडवून राहिले असं त्यांच्या मनातही नव्हतं. ते आपले रोजच्या जागी बसले होते.

* * *

असंच एकदा कामठीकडची एक सासू आली. सुनेला आत घेतलं तशी तिनं गोधडी काढली आणि बाळंतपणाच्या खोलीच्या दारात, बरोबर उंबऱ्यावर अंथरली. बसली. सिस्टर हातात ट्रे घेऊन तिच्यावरून उडी मारून आत, उडी मारून बाहेर. उंच होती म्हणून जमलं. डॉक्टरीणबाई बुटक्या.

मी म्हटलं, "आजी, जरा बाजूले व्हा."

"काहून?"

"जाणंयेणं अडून राहिलं."

"मी कोणाले अडवलं वं? मी तं गुमान बसून आहो."

गयाबाई मला म्हणाली, "गुमान बसणंच वाईट. भांडणाऱ्या माणसाले हलवता येते."

डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला स्वच्छता समजावली, जंतू समजावले, कायदासुद्धा समजावला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि गोधडीची सुरकुती नीट केली.

तेव्हा गयाबाई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन मोठ्यानं म्हणाली, "पोराच्या आजीचा चहा आणला जी. कोण आहे पोराची आजी?"

तिथं त्या वेळी तीन आज्या होत्या. आमची आजी सर्वांत आधी पोचली.

गयाबाईनं गोधडी उचलून घडी केली. मी विचारलं, "चहा खरंच आणला काय?"

"चहाचं मंग पाहू. दार तं मोकळं झालं."

* * *

सोमवार जवळ येत चालला तशा डॉक्टरीणबाई स्वतः आमच्याकडं आल्या. गल्लीतली लेकरं गाडीभोवती जमली. भासऱ्यांनी अंगात सदरा घातला, खुर्ची पुसली आणि बाई बसेपर्यंत स्वतः उभे राहिले. जाऊबाईंनी आलं घालून चहा केला. मी आणि शांता दाराआड.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दादा, काळ बदलला आहे."

"हो बाई."

"मुलीनं स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं."

"बरोबर बाई."

"शांता हुशार आहे. चांगली नर्स होईल."

"हुशार आहे. आमच्यावरच गेली."

"मग सायकल सोडाल?"

"चहा घ्या बाई, थंडा होऊन राहिला."

बाईंनी चहा घेतला आणि पुन्हा विचारलं. तेव्हा भासरे हळू आवाजात बोलले. "बाई, मी फाटक लावलं का लोक शिव्या द्यायचे. सायकलवाले, टांगेवाले, वरातीतले. रोज. एकबी दिवस खाली नाही गेला. पण शिव्या देणारे सारे संध्याकाळी घरी पोचले. माह्या फाटकावर एक माणूस मेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी उरलेला चहा संपवला. मग उठल्या, नमस्कार केला. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. वाटलं, काही म्हणतील.

त्या म्हणाल्या, "चहा चांगला होता."

* * *

माझ्या नवऱ्याचं सांगायचं राहिलं. भावाच्या शब्दाबाहेर तो जन्मात गेला नाही. भावानं बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. पण दर रविवारी तो तेलाची कुपी आणि फडकं घेऊन ओसरीवर यायचा आणि त्या बांधलेल्या सायकलीजवळ उकिडवा बसायचा. चेनीला तेल, ब्रेकला तेल, घंटीला तेल. चाकात हवा आहे की नाही ते दाबून पाहायचा. भासरे बाजूला बाजेवर.

मी एकदा आत आल्यावर विचारलं, "कुलपातल्या सायकलीले तेल काहून देता?"

म्हणाला, "सुटली का चालली पायजे."

"सोडन कोण?"

त्यानं फडकं झटकलं. "ते माह्या हातात नाही. तेल माह्या हातात आहे."

* * *

आणि तो सोमवार.

सुमनचे, म्हणजे भासऱ्यांच्या सुनेचे, दिवस भरले होते. तिचा नवरा उमरेडला कोळशाच्या खाणीत. पहिली दोन्ही लेकरं तिला घरीच झाली होती, विनातक्रार. त्या दिवशी उजाडता उजाडता तिला कळा लागल्या. मी शेजारच्याला सायकलवर पिटाळून गयाबाईला आणलं. भासऱ्यांनाही गयाबाईचा भरवसा होता. तिनं सुमनला तपासलं आणि म्हणाली, "सारं ठीक आहे."

शांता पहाटेच न्हाऊन, पांढरं पातळ नेसून ओसरीच्या पायरीवर बसली होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं, कोणी जा म्हटलं नव्हतं. मागं खांबाला सायकल.

गयाबाईनं मला पाणी तापवायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. मी अंगणातल्या चुलीवर हंडा चढवला. सुमनच्या कण्हण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, नुसती शेजारची शेळी ओरडल्यासारखी वाटली. जाऊबाई माझ्याकडं पाहू लागल्या, मी त्यांच्याकडं.

दार बोटभर उघडलं. गयाबाईनं डोकं बाहेर काढलं. "ऑब्स्ट्रक्ट," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

आमच्या घरात तो शब्द सगळ्यांना माहीत झाला होता. भासरे बाजेवरून उठले. त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. कोणी सांगायची वाट न पाहता त्यांनी स्वतः आपली लोखंडी पेटी उघडली. धान्याच्या कोठीचं झाकण काढलं. जाऊबाईंनी डबे उघडले, लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडला, केस सोडले. माझ्या नवऱ्यानं शेजारची शेळी सोडली, शेजाऱ्याला न विचारता. भासऱ्यांनी टोपी काढली, सदऱ्याची बटणं काढली. घर असं उघडं पडलं की वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघायला लागला.

दार पुन्हा बोटभर उघडलं. "अजून काही बंद असन जी."

"सारं उघडलं," भासरे म्हणाले.

"मंग सुटत काहून नाही?"

दार बंद.

चुलीतलं लाकूड तडतडत होतं. शांता पायरीवर खाली मान घालून बसलेली. तेव्हा माझ्या जाऊबाई, ज्यांनी लग्न झाल्यापासून चारचौघांत नवऱ्याशी एक शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, "अवो, खांबाकडं पाहा."

भासऱ्यांनी पाहिलं. हात करदोड्याकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी शांताकडं पाहिलं, मग त्या लोटलेल्या दाराकडं. मी पदराआडून पाहत होते. भिंतीशीसुद्धा बोलले नाही.

"बाजूले हो पोरी," ते म्हणाले.

किल्ली ओढून काढताना करदोडा तुटला. कुलूप गंजलं होतं. त्यांनी जोर लावला, ते उघडलं आणि साखळी खळखळ करत फरशीवर पडली.

भासरे दाराकडं तोंड करून म्हणाले, "सुटली, गयाबाई."

आतून आवाज आला, "सायकल कुठं आहे?"

"इथंच, ओसरीवर."

"मंग काय उपयोग? सुटलेली वस्तू दारातच उभी राहिली तं सुटली कशी? फाटकाबाहेर काढा तिले."

माझ्या नवऱ्यानं सायकल उचलून अंगणात आणली, अंगणातून गल्लीत. भासरे म्हणाले, "शांते, बस त्याच्यावर. जा. दूर जा." शांता बसली. इतक्या रविवारांचं तेल. सायकल आवाज न करता निघाली. भासरे उघड्या सदऱ्यानं गल्लीत उभे राहून पाहत होते. ती वळणावरून दिसेनाशी झाली, तेव्हा ते परत आले.

दार पूर्ण उघडलं. गयाबाई उंबऱ्यावर, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. "पोरगी झाली. दोघीबी खुशाल आहेत."

भासऱ्यांनी दुपटं बाजूला केलं. पोरगी गाढ झोपली होती. अंग कोरडं, केस विंचरलेले, डोळ्यांत काजळ, गालावर तीट. आत सुमन तोंडावर पदर घेऊन पडली होती. अंग हलत होतं. रडत होती की काय, ते दारातून कळत नव्हतं.

भासऱ्यांनी बाळाकडं पाहिलं. मग चुलीवरच्या माझ्या हंड्याकडं पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता, एक तांब्यासुद्धा काढलेला नव्हता. मग गयाबाईकडं पाहिलं.

"आंघोळ कवा झाली इची?"

गयाबाई म्हणाली, "स्वच्छच आली जी."

भासऱ्यांनी टोपी घातली. सदऱ्याची बटणं लावली आणि शेळी शोधायला गेले.

संध्याकाळी शांता आली. सायकल ओसरीला टेकवली, पाय धुतले. जागा पक्की झाली होती, पांढरी टोपीसुद्धा दिली होती तिला. घरातले सगळे तिच्याभोवती. भासरे बाजेवर, मांडीत नात. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शांते, रस्त्यात कोणं अडवलं काय?"

"नाही, मोठेबाबा."

"कोणं अडवलं तं मले सांगजो."